माझे नाव कमी करा की हो!

परवा एक जुना विद्यार्थी घरी आला. निवृत्तीनंतर कुहीतल्याच एका संस्थेचे ग्रंथालय मी काही वर्षे सांभाळले. तिथला सर्व्हर आता हा पाहतो. म्हणाला, "सर, तुम्ही तर अजून कामावर येऊन राहिले!" मला वाटले, थट्टा. त्याने मोबाईलमधला फोटो दाखवला. काळा पडदा, त्यावर 'नेट यूजर' ही आज्ञा, पुढे माझे खाते. अकाउंट अ‍ॅक्टिव्ह: यस. पासवर्ड एक्स्पायर्स: नेव्हर. लास्ट लॉगॉन: गेला मंगळवार!

त्या इमारतीची पायरी मी चार वर्षांत चढलेलो नाही.

माझ्या नावाने बसते कोण? तर म्हणे सगळेच. पासवर्ड सोपा आहे, कपाटाला चिकटवलेला आहे. "आपलीच माणसं आहेत ना सर." अहो, आपलीच आहेत म्हणून तर प्रत्येकाला आपापले खाते द्या! उद्या नोंदीत खाडाखोड निघाली तर सही माझीच दिसेल.

आम्ही शाळेत जनरल रजिस्टर ठेवायचो. पोरगा शाळा सोडून गेला की तारीख, कारण लिहून नाव कमी. नोंद मात्र फाडायची नाही आणि तो नंबर दुसऱ्याला द्यायचा नाही. सर्व्हरचेही तसेच आहे. खाते पुसून त्याच नावाचे नवे काढले तरी आतला ओळख क्रमांक वेगळाच पडतो. म्हणून पुसू नका, आधी बंद करा. नेट यूजर, खात्याचे नाव, स्लॅश अ‍ॅक्टिव्ह कोलन नो. डोमेन असेल तर शेवटी स्लॅश डोमेन. झाले! कंत्राटी माणूस असेल तर रुजू होतानाच 'एक्स्पायर्स'पुढे कराराची शेवटची तारीख टाका. रात्री काम नसेल तर 'टाइम्स'ने वेळ बांधून द्या. लिनक्सवाल्यांनी जरा जपून. तिथे 'यूजरमॉड'ने कुलूप लावले तरी फक्त पासवर्ड बंद होतो, किल्लीफाईल असलेला एसएसएचने आत येऊ शकतो. 'चेज'ने खात्याची मुदतही संपवावी लागते.

"काळा पडदा आम्हाला जमत नाही" म्हणणाऱ्यांचे मला नवल वाटते. पगारबिलातला एक रुपयाचा फरक यांना बरोबर दिसतो, आणि एक ओळ टाइप होत नाही?

2025 मध्ये आपल्या नागपूर विभागात शालार्थ आयडीचा घोटाळा उघड झाला. बोगस शिक्षकांच्या नावाने पगार निघाल्याचे आरोप, अटका, विशेष तपास पथक. दोषी कोण ते न्यायालय ठरवील. पण आयडी म्हणजे नुसते अक्षर नव्हे, त्यामागून सरकारी तिजोरी उघडते, एवढे तरी आपल्या तालुक्याला कळायला हवे होते. असो.

खाते बंद करायला त्याला वरून आदेश लागतो म्हणे. मी रीतसर अर्ज दिला, पोच घेतली. तीन आठवडे झाले. काल फोन केला तर म्हणाला, "सर, अर्ज सायबांच्या टेबलावर आहे."

"आणि लास्ट लॉगॉन?"

"आज सकाळचं दाखवून राहिलं, सर."