‘डिस्क आढळली नाही’: मृत्यूच्या खोट्या दाखल्याचा इतिहास

१/ संगणकाच्या इतिहासात एक वाक्य फार निर्धास्तपणे उच्चारले जाते: “हे यंत्र आता जुने झाले, म्हणून त्यावर नवी ऑपरेटिंग सिस्टिम चालत नाही.” या वाक्यातला ‘म्हणून’ बहुतेक वेळा खोटा असतो. आजचा धागा त्या एका शब्दाविरुद्ध आहे.

२/ २००९ साली बाजारात आलेला डेलचा पॉवरएज आर७१० हा सर्व्हर घ्या. त्याच्या अनेक नगांत पर्क ६/आय नावाचे स्टोरेज कंट्रोलर कार्ड असे. डिस्क या कार्डाला जोडलेल्या असतात, ऑपरेटिंग सिस्टिमला त्या थेट दिसत नाहीत. कार्ड आणि सिस्टिम यांच्यामधला दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सची ७ वी आवृत्ती या यंत्रावर निमूटपणे बसते. मे २०१९ मध्ये आलेली ८ वी बसवू जा. प्रोसेसर चालतो, मेमरी चालते, पडदा उजळतो आणि इन्स्टॉलर सांगतो की डिस्कच आढळली नाही.

३/ डिस्क तर तिथेच, हाताच्या अंतरावर फिरत असते.

४/ मग घडले काय? प्रत्येक कार्डावर दोन क्रमांक कोरलेले असतात, एक निर्मात्याचा आणि एक उपकरणाचा. ड्रायव्हरच्या पोटात अशा क्रमांकांची यादी असते. आपला क्रमांक यादीत असला तर ड्रायव्हर कार्डाचा ताबा घेतो, नसला तर पाठ फिरवतो. पर्क ६/आयचे क्रमांक षोडशमान पद्धतीत १००० आणि ००६०. मेगारेड-एसएएस हा त्याचा ड्रायव्हर ८ व्या आवृत्तीतही होता, फक्त त्याच्या यादीतून ही ओळ वगळण्यात आली होती. मूळ लिनक्स कर्नेलमध्ये ती ओळ तशीच होती! एमपीटी-एसएएस या जुन्या ड्रायव्हरच्या वाट्याला तर तेवढेही आले नाही, तो अख्खाच बाहेर गेला.

५/ आता सांगा, यंत्र म्हातारे होऊन मेले की पटावरून त्याचे नाव खोडले गेले?

६/ पुराव्याशिवाय आरोप करू नये. पुरावा असा की, ईएलरेपो या स्वयंसेवी प्रकल्पाने वगळलेले ड्रायव्हर पुन्हा बांधून ‘ड्रायव्हर डिस्क’च्या रूपात उपलब्ध केले. इन्स्टॉलर सुरू होताना ती पुढे करायची, की अदृश्य डिस्क दिसू लागतात. २०२४ मध्ये अल्मालिनक्सने आपल्या ८.१० आणि ९.४ या आवृत्त्यांत अशा अनेक वगळलेल्या कार्डांचा आधार अधिकृतपणे परत आणला. रेड हॅटच्याच धर्तीवर बांधलेली ही सिस्टिम. म्हणजे जे ‘शक्य नाही’ असे आपण मानून बसलो होतो, ते करायचे नव्हते इतकेच.

७/ प्रतिपक्षाची बाजूही मांडली पाहिजे. कंपनी आधार देते म्हणजे दहा वर्षे दुरुस्तीचे वचन देते. प्रत्येक जुने कार्ड प्रयोगशाळेत ठेवून तपासणे खर्चाचे असते आणि न तपासलेला ड्रायव्हर ग्राहकाचा विदा बुडवू शकतो. हा युक्तिवाद मला मान्य आहे. त्यातून ‘या कार्डाची जबाबदारी आमची नाही’ अशी ठळक सूचना निघते. चालणारी ओळ खोडण्याचा अधिकार मात्र निघत नाही. जबाबदारी नाकारणे एक, आणि वाट बुजवणे दुसरे. एप्रिल २०२० मध्ये आलेल्या व्हीएमवेअर ईएसएक्सआय ७.० विषयी मी थोडा सौम्य होईन: तिथे व्हीएमके-लिनक्स हा जुन्या ड्रायव्हरांना पेलणारा थरच काढला गेला, त्यामागे अभियांत्रिकीचे खरे कारण होते. तरीही बाद झालेली कार्डे काही त्या दिवशी बिघडली नव्हती.

८/ हा तंटा नवा नाही. विंडोज २०००, एक्सपी आणि सर्व्हर २००३ यांच्या निळ्या इन्स्टॉलर-पडद्यावर तळाशी काही क्षणांसाठी एक ओळ झळके: बाहेरचा स्कझी किंवा तत्सम ड्रायव्हर द्यायचा असेल तर एफ६ दाबा. तो क्षण चुकला की पुन्हा पहिल्यापासून. साधला, तर सिस्टिम फ्लॉपी मागे आणि फ्लॉपीच मागे. सर्व्हरमधून फ्लॉपीचे खण नाहीसे होऊ लागले होते, तरी हट्ट कायम! अखेर व्हिस्टा आणि सर्व्हर २००८ पासून सीडी आणि यूएसबी चालू लागले. त्याच पिढीच्या ६४-बिट आवृत्त्यांनी दुसरे दार मात्र घट्ट केले. ड्रायव्हरवर डिजिटल स्वाक्षरी हवी. आयएनएफ फाइलच्या यादीत आपल्या कार्डाचा क्रमांक हाताने लिहिलात, तर स्वाक्षरी मोडते आणि ड्रायव्हर नाकारला जातो. सुरक्षेच्या दृष्टीने हे योग्यच. पण स्वाक्षरी करणारी कंपनी उरली नसेल तर?

९/ आणि कंपन्या उरत नाहीत. इतिहासप्रेमींनी इथे वंशावळ मांडून पाहावी. एनसीआरचा चिप-विभाग १९९५ मध्ये ह्युंदाईकडे जाऊन सिंबिओस झाला. १९९८ मध्ये एलएसआय लॉजिकने तो घेतला. अमेरिकन मेगाट्रेंड्सचा मेगारेड व्यवसाय २००१ मध्ये एलएसआयकडे आला, थ्रीवेअर २००९ मध्ये. २०१४ मध्ये अवागोने एलएसआयला गिळले आणि २०१६ मध्ये अवागोने ब्रॉडकॉम हे नाव धारण केले. तिकडे अडॅप्टेक पीएमसी-सिएरा, मायक्रोसेमी असे करत २०१८ मध्ये मायक्रोचिपच्या घरी पोहोचली. दर सत्तांतरात संकेतस्थळ बदलते आणि दुवे तुटतात. आपण राजघराण्यांच्या याद्या मुखोद्गत करतो, या घराण्यांकडे कोणी पाहत नाही. ड्रायव्हर शोधणाऱ्याला मात्र पाहावेच लागते. डेलच्या कार्डावर डेलचे नाव असले तरी आतली चिप बहुधा एलएसआयची असते.

१०/ “जुना सर्व्हर भंगारात द्या, नवा घ्या” हे उत्तर मला मान्य नाही, आणि कारण केवळ पैशाचे नाही. अनेक डिस्क एकत्र बांधताना कार्ड आपली मांडणी आपल्या पद्धतीने डिस्कवर लिहिते. कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर गेला, की डिस्क शाबूत असूनही मजकूर वाचणे दुष्कर होते. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील मोडी कागद आठवा. कागद टिकला, शाई टिकली, अडते ते वाचणाऱ्यापाशी. फरक एवढाच की मोडी शिकता येते. बंदिस्त ड्रायव्हरची शेवटची प्रत पुसली गेली, तर शिकायला काहीच उरत नाही. उद्याच्या संशोधकाचे दफ्तर याच डिस्कांवर आहे.

११/ अधिकृत पान पुसणारे आणखी एक पाप करतात. ड्रायव्हर कर्नेलच्या पातळीवर, सर्वाधिकार घेऊन चालतो. मूळ स्रोत बंद झाला की गरजू माणूस अनोळखी पानांवरून तोच ड्रायव्हर उतरवतो आणि आत काय आले हे त्याला कळत नाही. सुरक्षेच्या नावाने केलेली ही सफाई माणसाला अधिक असुरक्षित जागी नेऊन सोडते.

१२/ म्हणून मागणी साधी आहे. आधार थांबवा, फाइल पुसू नका. तिचा हॅश जाहीर करा, म्हणजे प्रत कुठूनही आली तरी पडताळता येईल. शक्य तिथे स्रोतसंहिता खुली करा.

१३/ ज्यांच्याजवळ असा एखादा सर्व्हर असेल त्यांनी कार्डावरच्या स्टिकरवर विसंबू नये. लिनक्सची कोणतीही लाइव्ह आवृत्ती सुरू करून एलएसपीसीआय ही आज्ञा ‘एनएन’ पर्यायासह द्यावी आणि क्रमांक उतरवून घ्यावा. निर्मात्याच्या जागी १००० दिसले, तर तो एनसीआरचा क्रमांक आहे. कार्डावर नाव एलएसआयचे असेल, डेलचे असेल, संकेतस्थळ आज ब्रॉडकॉमचे असेल. क्रमांक १९९० च्या दशकापासून तोच आहे.