पेटी धुऱ्यावर, माशी जुन्या जागी



पऱ्हाटी फुलावर आली की सल्ला येतो : फवारणी आहे, मधमाशांची पेटी पलीकडच्या धुऱ्यावर न्या. सल्ला देणाऱ्याने कधी पेटी उचलली आहे काय? माशी पेटीची नव्हे, जागेची खूण धरते. पेटी 100 हात सरकवली की रानातून परतलेली माशी जुन्याच जागी घिरट्या घालून मरते. खूण मोडायची तर रात्री दार बंद करून पेटी 3 किलोमीटरपलीकडे न्यावी, नाहीतर रोज हातभरच सरकवावी. 100 हाताला 100 दिवस! बोंडअळी तोवर थांबेल? आणि ढाणकीच्या शिवारापासून 3 किलोमीटरवर तरी काय, तिथेही पऱ्हाटी अन् तिथेही पंपच.

2017 साली याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने 20 हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. तेव्हा दोष कोणाचा? फवारणाऱ्याचा, तोंडाला फडके नव्हते म्हणे! आता माशी मेली तर दोष पेटीवाल्याचा. विष विकणारा नामानिराळा.

औषध माशीला मारक आहे हे दुकानदाराने विकतानाच सांगावे. शेजाऱ्याने आदल्या दिवशी निरोप द्यावा, माश्या परतल्यावर संध्याकाळी पंप उचलावा. पेटी आहे तिथेच राहील.