विनोदाचा अधिकार आणि बदलते हवामान

हवामानबदलासारखा विषय विनोदाच्या द्वारे लोकांपर्यंत पोचवावा, असे मत आज वारंवार मांडले जाते. भयसूचक आकडे ऐकून श्रोता पाठ फिरवतो, हसताना मात्र तो मोकळ्या मनाने ऐकतो, हे त्यामागील गृहीत आहे. ते मान्य केले तरी हसायचे कोणाला, हा प्रश्न उरतोच.

बुलढाणा जिल्ह्यात उपहासाचे सोपे लक्ष्य भेंडवळची घटमांडणी ठरेल. अक्षय्य तृतीयेला अठरा धान्ये मांडून दुसऱ्या पहाटे वर्षाचे पाऊसपाणी वर्तविण्याच्या या प्रथेस शास्त्रीय आधार नाही. परंतु अमडापूरच्या कोरडवाहू शेतकऱ्याने असे भाकीत ऐकले, तर ते केवळ अडाणीपणापोटी असे म्हणता येणार नाही. मृग कोरडा गेला तर दुबार पेरणीचा खर्च त्याच्याच माथी बसतो; सोयाबीन सोंगणीला आले असता कोसळणारा पाऊसही त्यालाच भोवतो. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ साली केंद्राने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदतयोजना जाहीर केली, त्यांत बुलढाणा होता. अशा माणसाला हसणे हा निर्दयपणा होय.

याचे उत्तर वऱ्हाडच्याच परंपरेत सापडते. जळगाव जामोद व खामगाव येथे वकिली केलेल्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी (१८७१–१९३४) ‘सुदाम्याचे पोहे’मध्ये रूढींचा उपहास केला, तो सुदामा, बंडूनाना व पांडुतात्या यांच्या फजितीतून. निवेदक सुदामा त्या फजितीबाहेर उभा नाही. तथापि हा विनोद वाचणाऱ्यांचा होता. ऐकणाऱ्यांचा विनोद गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) उभा केला. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात वऱ्हाडी बोलीतून प्रश्नामागून प्रश्न विचारून श्रोत्यांच्याच तोंडून चूक वदवून घ्यायची, ही त्यांची रीत. लोकांना हसविण्याचा अधिकार त्यांनी खराट्याने आधीच मिळवलेला असे.

हवामानावरील विनोदालाही हीच कसोटी लावली पाहिजे. दरवर्षी त्याच खड्ड्यात नवे रोप लावणारा समारंभ, वातानुकूलित सभागृहातील दुष्काळ-परिषद आणि बांधावरची बाभूळ विकून सावली शोधणारा गावकरी, हे तिघेही त्याचे विषय होऊ शकतात. पण बोलणाऱ्याने स्वतःला त्यांतून वगळता कामा नये. विद्यापीठांतील मराठी विभागांनी वऱ्हाडी कीर्तन आणि भारुड केवळ बोलीचे नमुने म्हणून न अभ्यासता, लोकांशी अप्रिय सत्य कसे बोलावे याचे शास्त्र म्हणून अभ्यासण्याची वेळ आली आहे.