सिम्युलेशनमध्ये चाललेलं सर्किट बोर्डवर का फसतं? उत्तर आहे ट्रान्झिस्टरच्या डेटाशीटमध्ये

सोलापूरच्या नवी पेठेत घेतलेला असो की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, बीसी ५४७ हा ट्रान्झिस्टर काही रुपयांत मिळतो. इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमध्ये तो हमखास दिसतो. पण कम्प्युटरवर व्यवस्थित चाललेलं सर्किट बोर्डवर जोडलं की कधी कधी बिघडतं. असं का होतं?

मॉडेल म्हणजे काय?

कम्प्युटरला ट्रान्झिस्टर कळत नाही, समीकरणं कळतात. १९७० मध्ये बेल लॅब्जच्या गमेल आणि पून यांनी अशी समीकरणं मांडली. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठातून 'स्पाइस' हा प्रोग्रॅम आला. आयआयटी मुंबईच्या 'फॉसी' प्रकल्पाचं मोफत 'ईसिम' सॉफ्टवेअर याच परंपरेतलं 'एनजीस्पाइस' वापरतं.

समीकरणं तीच राहतात, प्रत्येक ट्रान्झिस्टरचे आकडे मात्र वेगळे असतात. कंपनीने मॉडेलची फाइल दिली नसेल, तर ते डेटाशीटवरून काढावे लागतात.

आकडे कसे काढतात?

● सॅच्युरेशन करंट: २ मिलिअँपिअरला बेस-एमिटर व्होल्टेज ०.६६ असेल, तर हा करंट साधारण ०.०१६ पिकोअँपिअर येतो.

● वेग: ट्रान्झिशन फ्रिक्वेन्सी ३०० मेगाहर्ट्झ असेल, तर ट्रान्झिट टाइम सुमारे ०.५३ नॅनोसेकंद.

● गेन: खरी मेख इथेच आहे. बीसी ५४७ चा गेन ११० ते ८०० यांच्यात कुठेही असू शकतो. 'बी' गट घेतला तरी २०० ते ४५०. मॉडेलमध्ये मात्र एकच आकडा भरता येतो.

म्हणजे डेटाशीट सांगतं मर्यादा आणि मॉडेल दाखवतं त्यातला एकच नमुना. हातात आलेला ट्रान्झिस्टर तसाच असेल, याची खात्री नाही.

सोलापूरच्या उन्हाचा काय संबंध?

डेटाशीटमधले बहुतेक आकडे २५ अंश सेल्सिअसचे असतात. तापमान दिलं नाही, तर स्पाइस ते २७ अंश धरतं. सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, बंद डब्यात तर आणखी चढतो. दर अंशाला बेस-एमिटर व्होल्टेज सुमारे २ मिलिव्होल्टने घटतं. बायस व्होल्टेज तेवढंच ठेवलं, तर २० अंशांच्या वाढीने करंट जवळपास चौपट होऊ शकतो.

मग करायचं काय?

मॉडेलचा आलेख डेटाशीटमधल्या आलेखावर ठेवून ताडून पाहायचा. गेनचा सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा, थंडी आणि कडक ऊन, अशा सगळ्या टोकांना सर्किट चालवायचं. सगळीकडे टिकलं, तरच डिझाइन पक्कं.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये सेमीकंडक्टरसाठी ७६ हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली. चिपचं डिझाइनही मॉडेलच्याच भरवशावर होतं. बोर्डवरचा ट्रान्झिस्टर सोल्डर काढून बदलता येतो, तयार चिपमधला बदलता येत नाही. त्यामुळे काही रुपयांच्या ट्रान्झिस्टरवर लागलेली ही सवय पुढे कोट्यवधींची चूक टाळू शकते.