तिला काय कळतंय?

मतिमंद मुलीबद्दल घरात हमखास बोललं जाणारं वाक्य आहे, ‘तिला काय कळतंय?’ (आता ‘बौद्धिक दिव्यांग’ म्हणायचं, शब्द बदलला, वाक्य तेच.) दमलेली आई ते म्हणते तेव्हा मला तिचा राग येत नाही. पण मैत्रिणींनो, तेच वाक्य डॉक्टर आणि अधिकारी बोलू लागले की पोरीच्या अंगावर बेततं.

‘व्यक्ती’ कुणाला म्हणायचं, हा तत्त्वज्ञांचा जुना प्रश्न. सतराव्या शतकात जॉन लॉकनं सांगितलं, ज्याला विचार करता येतो आणि ‘हा मी’ असं कळतं, ती व्यक्ती. पुढे कांटनं माणसाची प्रतिष्ठा विवेकबुद्धीवरच उभी केली. ऐकायला छान! पण त्याच कांटनं सगळ्या बायकांना परावलंबी ठरवून मतदानाबाहेर बसवलं. कॅनडात १९२८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं, सिनेटवर नेमायच्या ‘व्यक्तीं’मध्ये बायका मोडत नाहीत, असा निकाल दिला. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं तो १९२९ मध्ये फिरवला. म्हणजे ही फूटपट्टी एकेकाळी आपल्यालाही लावून झालीय. तरी आपण ती दुसरीला लावतोच.

१९९४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींच्या पिशव्या काढल्या गेल्या. कारण काय, तर पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही. स्त्री संघटनांनी आवाज उठवला, तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. पिशवी काढली की पाळी थांबते, हे खरं. पण तिच्यावर हात टाकणारा थांबत नाही. उलट दिवस जाण्याची भीती गेली, की त्याचं फावतंच. आणि पॅड बदलायला यातल्या बऱ्याच जणी शिकतात हो. बाहुलीवर दाखवून, चित्रं लावून, महिनोन् महिने तेच तेच सांगून. वेळ लागतो. तो द्यायला कुणी नसतं, ही खरी अडचण, आणि ती आईची एकटीची नाही.

२००९ मध्ये चंडीगडच्या सरकारी संस्थेतल्या एका अनाथ मुलीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. संस्थेतच तिच्यावर बलात्कार झाला होता, दिवस गेले होते. उच्च न्यायालयानं गर्भपाताचा आदेश दिला. तिला मात्र मूल हवं होतं. सौम्य मतिमंदत्व असलं तरी ती सज्ञान आहे, तिच्या संमतीशिवाय गर्भपात करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं. तिची बुद्धी किती, यापेक्षा तिला काय हवंय, हे विचारलं गेलं, हे मला मोठं वाटतं.

आता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार, तिनं स्वतः समजून संमती दिल्याशिवाय मूल होण्याची शक्यता संपवणारा कोणताही उपचार तिच्यावर करता येत नाही. मुलगी अठराची झाली की तिचं पालकत्व आपोआप आईवडिलांकडे राहत नाही, हेही पुष्कळ घरांत ठाऊक नसतं. त्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अर्ज करावा लागतो. तो जरूर करा. मात्र तो कागद हातात आला म्हणून पिशवी काढायची परवानगी मिळाली, असं होत नाही. दवाखान्यात कुणी तसं सुचवलंच, तर आधी त्यांना हा २०१६ चा कायदा दाखवा.