हेडिंग देण्याआधी एक मिनिट

मागच्या सेमिस्टरला सरांनी वर्गात स्क्रीनवर एक फोटो लावला. चार-पाच वर्षांची गोरी, सोनेरी केसांची मुलगी आणि तिला सांभाळणारं सावळं जोडपं. सर म्हणाले, ‘ग्रीसमधली रोमा वस्ती. मुलीचा डीएनए जोडप्याशी जुळत नाही. पाच मिनिटांत हेडिंग द्या.’ मी लिहिलं, ‘पळवलेल्या परीची सुटका’. वर्गातल्या बहुतेकांचं असंच काहीतरी होतं. खरं सांगते, मला माझं हेडिंग आवडलंही होतं.

मग सरांनी पुढची गोष्ट सांगितली. ही घटना ऑक्टोबर २०१३ मधली, फार्साला गावाजवळची. तेव्हा जगभरातल्या मीडियानेही आमच्यासारखंच केलं. ‘ब्लाँड एंजल’ म्हणून ती मुलगी घराघरात पोहोचली. ‘तिच्या आईनेच तिला आमच्याकडे सोपवलं’, असं ते जोडपं सांगत होतं. ऐकतंय कोण? थोड्याच दिवसांत आई सापडली. बल्गेरियातली, गरीब आणि रोमाच! डीएनए जुळला. तिच्या इतर काही मुलांचे केसही सोनेरीच होते. २०१५ मध्ये कोर्टाने जोडप्याला अपहरणाच्या आरोपातून मुक्त केलं. खोट्या कागदपत्रांचा दोष तेवढा राहिला. पण ही बातमी तुमच्यापर्यंत पोहोचली होती का? माझ्यापर्यंत तरी नाही.

त्याच ऑक्टोबरमध्ये आयर्लंडमध्ये काय झालं ते बघा. डब्लिनजवळच्या एका रोमा घरातली मुलगी ‘जरा जास्तच गोरी’ आहे, असा मेसेज कुणीतरी फेसबुकवर एका पत्रकाराला पाठवला. त्याने तो पोलिसांना दिला. पोलिसांनी सात वर्षांच्या त्या मुलीला घरातून उचललं. दुसऱ्या एका गावातून दोन वर्षांच्या मुलालाही नेलं. डीएनए आला, तर दोन्ही मुलं आपापल्या आईबापांचीच! मुलं परत मिळाली, सरकारने माफीही मागितली. पण घरात पोलीस शिरून आपल्याला घेऊन गेले, हे सात वर्षांची मुलगी विसरेल?

आता रोमा कोण, ते सांगते. युरोपात साधारण १ कोटी ते १ कोटी २० लाख रोमा राहतात. त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी उत्तर भारतातून तिकडे गेले. त्यांच्या भाषेत पाण्याला ‘पानी’, कानाला ‘कान’ आणि माणसाला ‘मानुश’ म्हणतात. हे लोक इजिप्तचे, या गैरसमजातून ‘जिप्सी’ हा शब्द आला आणि अनेक रोमांना तो शिवीसारखा लागतो. आपण मात्र ट्रिपच्या फोटोखाली ‘जिप्सी सोल’ लिहून मोकळे होतो. सिनेमातली रोमा बाई एकतर शेकोटीभोवती नाचते, नाहीतर हात बघून भविष्य सांगते. बातमीतला रोमा चोर, भिकारी किंवा पोरं पळवणारा. नर्स, शिक्षक, बसचालक असलेला रोमा ना तिथे दिसतो, ना इथे. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी लाखो रोमांना मारलं, हे तरी आपल्यापैकी किती जणांना माहीत असतं?

‘स्टिरिओटाइपने काय होतंय?’ असं वाटत असेल, तर मार्च २०१९ मधलं पॅरिस आठवा. पांढऱ्या व्हॅनमधून मुलं पळवतात, अशी अफवा सोशल मीडियावर फिरली आणि पॅरिसच्या उपनगरांत जमावाने रोमांवर हल्ले केले. एकही मूल पळवलं गेलं नव्हतं.

ओळखीचं वाटतंय ना? १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. कारण तेच, मुलं पळवणाऱ्या टोळीची व्हॉट्सअॅपवरची अफवा. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने आपल्याकडच्या अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवलं. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो शिक्का कायद्याने पुसला. तरी ‘पारधी टोळी जेरबंद’ अशी हेडिंग अजून वाचायला मिळतात. गाव वेगळं, भाषा वेगळी, पण फिरस्त्या माणसाकडे बघायची नजर तीच.

तुम्ही म्हणाल, मग एखाद्या रोमाने खरंच चोरी केली तर बातमी द्यायचीच नाही का? द्यायची की! कुणी, कुठे, काय केलं ते सगळं द्यायचं. फक्त त्याची जात, जमात हेडिंगमध्ये कशाला? बँक बुडवणाऱ्याची जात आपण हेडिंगमध्ये टाकतो का? मग पाकीट मारणाऱ्याचीच का?

मी सध्या डेस्कवर इंटर्न आहे, त्यामुळे घाईत हेडिंग कसं सुचतं हे रोज अनुभवते. सगळ्यात आधी सुचतं ते आपण आधीच मानलेलं असतं. म्हणून आता एक सवय लावून घेतेय. समाजाचं नाव काढून बातमी पुन्हा वाचायची. नाव काढलं आणि बातमीच उरली नाही, तर ती बातमी नव्हतीच. आणि ज्यांच्यावर आरोप आहे त्यांचं एक तरी वाक्य त्यात आहे का, हे बघायचं.

हे फक्त पत्रकारांसाठी नाही हं. फॅमिली ग्रुपवरचा तो ‘सावधान’वाला मेसेज फॉरवर्ड करताना तुम्हीही हेडिंगच देत असता. बोट लावण्याआधी एक मिनिट थांबा. राईनपाड्यात तेवढंही कुणी थांबलं नाही.