मज्जेतील बियाणे काचपात्रात टिकेल?

रक्त घडवणाऱ्या मूलपेशी शरीराबाहेर वाढवण्याचे प्रयत्न आता कुठे रुग्णालयापर्यंत पोहोचू लागले आहेत. नाळेच्या रक्तातील मूलपेशी प्रयोगशाळेत वाढवून रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांना देण्यास अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०२३ मध्ये मान्यता दिली. 'ओमिसर्ज' नावाच्या या उपचाराची जाहीर किंमत होती ३ लाख ३८ हजार डॉलर. आकडा डोळे पांढरे करणारा आहेच. पण खरी अडचण या पेशींच्या स्वभावात आहे.

मानवी अस्थिमज्जा दररोज सुमारे २०० अब्ज तांबड्या पेशी तयार करते. या साऱ्यांचे मूळ असलेल्या पेशी मात्र मज्जेत फारच विरळ असतात. मूलपेशी विभागली की एकतर स्वतःसारखी पेशी घडवते, नाहीतर पक्व रक्तपेशी होण्याच्या वाटेला लागते. मज्जेतील आधारपेशी तिला आवरून धरतात. काचपात्रात हा शेजार तुटला, की ती दुसरीच वाट धरते. पेशी भरपूर होतात, पण रुग्णाच्या शरीरात वर्षानुवर्षे रक्त घडवण्याची ताकद आटते. धान्याची रास व्हावी आणि पेरायला बियाणे उरू नये, तसा हा प्रकार. डेक्स्टर यांनी १९७७ मध्ये आधारपेशींचा थर राखूनच उंदराच्या मज्जेतील रक्तनिर्मिती शरीराबाहेर चालू ठेवली होती.

याच कोड्यावर पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातही काम झाले आहे. वैजयंती काळे यांनी मज्जेतील आधारपेशी व मूलपेशी यांच्यातील संबंधांचा, तर ललिता लिमये यांनी मूलपेशी गोठवून सुरक्षित ठेवण्याच्या पद्धतींचा अभ्यास केला. डीएचए व ॲराकिडोनिक आम्ल ही मेदाम्ले वापरल्यास नाळेच्या रक्तातील पेशींपासून प्लेटलेट घडवणाऱ्या पेशी अधिक मिळतात, असेही तेथे दिसून आले. संशोधन मोलाचे आहे. मात्र त्याला उपचार म्हणण्याची घाई नको.

आज हाती असलेला उपचार म्हणजे मज्जारोपण. भारतातील पहिले मज्जारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले. नगर शहराला लागून असलेल्या केडगावात एखाद्या घरी थॅलेसेमियाचे मूल असेल, तर १२० किलोमीटरवरील पुण्याच्या प्रयोगशाळेपेक्षा त्याच्या भावंडाची मज्जा जुळते का, हा प्रश्न अधिक निकडीचा ठरतो. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. अलीकडे आई-वडिलांची अर्धी जुळणारी मज्जाही वापरता येते, पण त्यात जोखीम अधिक. कोल इंडियाच्या निधीतून २०१७ मध्ये सुरू झालेल्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेत अशा रोपणाला १० लाखांपर्यंत मदतीची तरतूद झाली. ती गावातल्या डॉक्टरांनाच ठाऊक नसेल, तर कुटुंबाला कशी कळावी?

उलट, नाळेचे रक्त साठवण्याच्या खासगी जाहिराती प्रसूतिगृहापर्यंत बिनबोभाट पोहोचतात. बाळाच्या स्वतःच्या भावी उपयोगासाठी अशा साठवणीला शास्त्रीय आधार नाही, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट केले आहे. थॅलेसेमियात तर मुलाच्या साठवलेल्या पेशींत तोच जनुकीय दोष असतो. प्रयोगशाळेत त्या शंभरपट वाढवल्या, तरी दोषही शंभरपट वाढेल.